गोल गोठा? आधी छपराचा भाव विचारा

प्रश्न : सहा गाई आहेत. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, अमेरिकेसारखा गोल गोठा बांधा, मधोमध मुरघासाचा (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) मनोरा. खर्च कमी, मजूर कमी. बांधू का?

उत्तर : नको. तो अर्धंच सांगतोय.

अमेरिकेत असे गोठे झाले, हे खरं. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅनकॉकला शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 1826 मध्ये दगडी गोल गोठा बांधला. गाड्या वरच्या मजल्यावर येऊन मधल्या पोकळीत गवत टाकायच्या. खाली 52 गाई मध्याकडे तोंड करून उभ्या. 1889 मध्ये विस्कॉन्सिनचे प्रा. एफ. एच. किंग यांनी भावाच्या शेतावरच्या गोल गोठ्यात मधोमध सायलो, म्हणजे तोच मुरघासाचा मनोरा, बसवला, वैरण वाहायचं अंतर घटलं. इलिनॉय विद्यापीठाने तर 1907 ते 1913 मध्ये तीन गोल गोठे बांधून प्रचार केला. हिशेब चूक नव्हता : तेवढ्याच जागेला चौरसापेक्षा सुमारे 11 टक्के कमी भिंत लागते. पण छप्पर किचकट, मध्यावर उजेड कमी, गाई वाढल्या तर गोठा वाढत नाही. 1920 नंतर तिथल्याच शेतकऱ्यांनी तो सोडला.

आता तुमचं बघा. बचत भिंतीची, आणि आपल्या गोठ्याला भिंत हवीच कशाला? त्यांना थंडी अडवायची होती, आपल्याला वारा हवा. गोल छपराला प्रत्येक पत्रा तिरका कापावा लागतो; तुकडे भंगारात, बिल तुमच्या नावावर. छपराचं वेगळं कोटेशन मागा, मग बोला.

मनोरा तर नकोच. भरल्यानंतरचे काही आठवडे आत विषारी वायू साचतो, उतरलेला माणूस मरतो. सहा गाईंना मुरघासाच्या बॅगा पुरतात. मका दाणा चिकात असताना कापा, दुकानदाराकडे बॅगांचा माल आला म्हणून नव्हे. मका वेळेवर कापला तर कल्चर (जिवाणूंचं विरजण), गूळ काही लागत नाही. मुरघासात युरिया अंदाजाने टाकू नका. पुन्हा सांगतो, अंदाजाने नाही. जास्त झाला तर गाय जाते. बॅग 45 दिवस उघडू नका.

मुक्तसंचार गोठा करा, म्हणजे गाई न बांधता आवारात मोकळ्या. गाईमागे साडेतीन चौ. मी. छप्पर, सात चौ. मी. मोकळं आवार, छपराची लांबी पूर्व-पश्चिम. गाई स्वतः फिरतात, शेण रोज काढायचा व्याप कमी, आणि गाय वाढली की कुंपण सरकवलं.

अनुदान : मनरेगातून (रोजगार हमी योजना) मिळायचं; आता काय चालू आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. मनरेगाचा सहा गुरांचा आराखडा 7.70 × 3.50 मी., आयताकृती होता. मंजुरीआधी खड्डाही खणू नका. फॅब्रिकेशनवाल्याला ॲडव्हान्स दिला असेल तर पत्रा कापायच्या आत थांबवा.