ज्वालामुखीतून वायू कमी येऊ लागला, म्हणजे धोका टळला का?

नाही. हा समज जिवावर बेतू शकतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फिलिपिन्सच्या पिनातुबोचंच बघा. 13 मे 1991 ला तिथून दिवसाला साधारण 500 टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता. 28 मेपर्यंत तो 5,000 टनांवर गेला आणि पुढच्या काही दिवसांत एकदम 300 टनांच्याही खाली आला. डोंगर शांत झाला असं कुणालाही वाटलं असतं. पण तिथल्या शास्त्रज्ञांनी वेगळी शंका घेतली: वर येणाऱ्या शिलारसाची वाट बुजली असेल, तर वायू आतच कोंडला जातोय. 15 जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. त्याआधी हजारो लोकांना हलवलेलं होतं, म्हणून ते वाचले.

सल्फर डायऑक्साइड मोजणं त्यातल्या त्यात सोपं, कारण तो सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषतो आणि हवेत एरवी जवळजवळ नसतो. काही किलोमीटर लांबूनही मोजमाप होतं. रात्री मात्र ऊन नसल्यानं हे मोजणारं उपकरण निरुपयोगी. शिवाय डोंगराच्या पोटात भूजल भरपूर असेल, तर वायू त्यातच विरघळतो आणि वर आकडा कमी दिसतो.

मला स्वतःला कार्बन डायऑक्साइड जास्त मोलाचा वाटतो. शिलारसात तो कमी विरघळतो, त्यामुळे शिलारस खूप खोल असतानाच सुटू लागतो. सल्फर डायऑक्साइड मात्र शिलारस बराच वर आल्यावर सुटतो. म्हणून सल्फर डायऑक्साइडच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण अचानक वाढलं, तर खालून नवा शिलारस येत असल्याची शक्यता असते. इटलीतल्या एटना आणि स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखींवर उद्रेकांपूर्वी अशी वाढ दिसलेली आहे. अडचण एवढीच की कार्बन डायऑक्साइड हवेत आधीपासूनच असतो, त्यामुळे यंत्र थेट धुराच्या लोटात न्यावं लागतं. आता त्यासाठी ड्रोन वापरतात.

पूर्वी माणसंच विवरात उतरत. 14 जानेवारी 1993 ला कोलंबियातल्या गालेरासवर शास्त्रज्ञ असेच उतरले होते. वायू कमी होता, डोंगर निवांत दिसत होता. अचानक स्फोट झाला आणि 6 शास्त्रज्ञ व 3 पर्यटक दगावले. त्याआधीच्या दिवसांत भूकंपमापकावर स्क्रूच्या आकाराचे, हळूहळू विरत जाणारे काही मोजके कंप उमटले होते. आत दाब साठत असल्याची ती खूण होती, हे नंतर कळलं.