मुलीला नर्स करायचंय की बाबांची नर्स?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली, पीसीबी ग्रुप, 61 टक्के. यजमान सहा वर्षांपूर्वी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आता एका बँकेत गनमन आहेत. रात्री ओरडत उठतात. झोपेसाठी रोज कॅन्टीनची रम लागते. मुलगी जवळ बसली की शांत होतात. तिला एमएनएस म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून नर्सिंग आणि मग सायकियाट्रिक नर्सिंग करायला लावायचं आम्ही ठरवलंय. म्हणजे घरातलं घरात राहील आणि पेन्शनलाही धोका नाही. एवढ्या टक्क्यांत जमेल का?
– एक आई, भांडुप

उत्तर : ताई, 61 टक्क्यांत नर्सिंगला अर्ज करता येतो, टक्क्यांची काळजी सोडा. माझं मन अडकलं ते तुमच्या पत्रातल्या एका साध्या वाक्यावर. ‘रात्री दोन-अडीचला तीच उठते, मला पहाटे डबे असतात.’ म्हणजे बारावीचं अख्खं वर्ष ही मुलगी मध्यरात्री वडिलांच्या उशाशी बसून होती, आणि आपण काळजी करतोय टक्क्यांची! पत्राखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘बाबांना बरं वाटणार असेल तर मी काहीही शिकेन.’ या ओळीत बाबा आहेत. नर्सिंग मला कुठे दिसलं नाही.

तुम्ही तिच्यावर आवाज चढवला नसेल, तरीही हे दडपणच आहे. ‘तू नाही म्हणालीस तर बाबांचं काय?’ हा प्रश्न घरात कुणी उच्चारत नाही आणि ती तो रोज ऐकते. अशी मुलगी उद्या खरंच नर्स झाली तर वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटमध्ये तिला बाबा दिसतील आणि घरी बाबा म्हणजे पेशंट. दोन्हीकडे तिची ड्युटी संपणार नाही.

तुमच्या मनातला एक मोठा गैरसमज आधी दूर करते. मुलगी नर्स झाली की वडिलांचे उपचार घरीच होतील, असं नसतं. नर्स निदान करत नाही, स्वतःच्या मनाने मानसिक आजाराची औषधं सुरू किंवा बंद करत नाही. ती एका टीमचा भाग असते. सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर सोबत असतात, शिफ्ट संपली की दुसरी नर्स चार्ज घेते. घरात चार्ज कोण घेणार? शिवाय एमएनएस म्हणजे लष्कराची नोकरी. शिक्षण कुलाब्याच्या ‘अश्विनी’त झालं तरी सेवेचा बाँड असतो आणि बदली देशात कुठल्याही मिलिटरी हॉस्पिटलला होऊ शकते. मुलगी जवळ राहावी म्हणून तुम्ही निवडलेला हा रस्ताच तिला भांडुपपासून लांब नेणारा आहे.

तेव्हा करिअरचं नंतर बोलू. आधी यजमानांचे उपचार. 1 एप्रिल 2003 नंतर निवृत्त झालेल्या पेन्शनधारक सैनिकांना ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, सदस्यत्व असतंच. कार्ड आणि डिस्चार्ज बुक घेऊन तुमच्या पॉलिक्लिनिकमध्ये जा आणि मेडिकल ऑफिसरला नेमकं सांगा : आठवड्यात किती रात्री ओरडून उठतात, किती पितात, किती वर्षं. ते मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल देतील. निवृत्तीनंतर मानसिक आजाराचे उपचार घेतले म्हणून सर्व्हिस पेन्शन बंद होत नाही, ती केलेल्या नोकरीची आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणंही बंधनकारक आहे. पॉलिक्लिनिकला जायला ते तयारच नसतील तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला तुम्ही फोन करा. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तोवर रमची बाटली लपवू नका, ओतून देऊ नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर पहिल्या दिवसातच हात थरथरू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास, बरळणं सुरू झालं तर ते जिवावर बेतू शकतं. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची असते.

आणि ती बंदूक. परवान्याची बंदूक घरच्या कपाटात आणि चावी त्यांच्याच खिशात, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला ते वाचून राहवलं नाही. भंगलेली झोप, दारू आणि हाताशी बंदूक हे एका घरात नको. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती कायदेशीर जमा करता येते. त्यांनी स्वतः, न प्यायलेल्या वेळी, पलटणीतल्या एखाद्या जुन्या जोडीदाराला घेऊन ती जमा करावी. नोकरीची अडचण येईल, ठाऊक आहे. बिनहत्यारी कामासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

रात्री उठवायची वेळ आली तर खांद्याला हात लावू नका. मुलीचं मनगट त्यांनी पिरगळल्याचं तुम्ही लिहिलंत, ते रागाने नव्हे, झोपेत तो हात शत्रूचा वाटतो. दिवा लावा, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून नावाने हाक मारा, ‘भांडुपला, आपल्या घरी आहात’ असं सांगा. आणि हे काम मुलीचं नाही. आजपासून तिला दुसऱ्या खोलीत, शेजारी, मावशीकडे, जिथे जमेल तिथे झोपू द्या.

सायकियाट्रिक नर्सिंगचं शास्त्र शिकण्यासारखं आहे, यात मला शंका नाही. माजी सैनिकांसोबत काम करणारी चांगली नर्स त्यांना हुद्द्याने हाक मारते, पाठीमागून येत नाही, दाराकडे तोंड करून बसायची जागा देते, हात लावण्याआधी सांगते. लढाईत काय झालं ते खोदून विचारत नाही. सांगायची वेळ पेशंट ठरवतो. दिवाळीत फटाके, विसर्जनाला ढोल, त्या रात्रींची तयारी ती आधीपासून करते. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन हे औषध सुरू झालं असेल तर बसवून आणि उभं करून दोन्ही बीपी घेते, कारण पहिल्या डोसनंतर उठताना बीपी उतरून माणूस कोसळू शकतो. दारू सोडवताना ठरावीक तासांनी थरथर, घाम, भास यांना गुण देऊन तक्ता भरते, ग्लुकोज लावायच्या आधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) दिलं गेलं का ते बघते. कणव हवीच. पण हा तक्ता चुकला तर नुसत्या कणवेने पेशंट वाचत नाही.

रस्ते माहितीचे आहेत : एमएनएसला नीट, राज्यातल्या बीएस्सी नर्सिंगला सीईटी, पुढे एक वर्षाचा सायकियाट्रिक नर्सिंगचा डिप्लोमा किंवा अनुभवानंतर दोन वर्षांची एमएस्सी. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षी मानसिक आरोग्याचं पोस्टिंग असतंच. आवड आहे की नाही ते तिला तेव्हा कळेल, आज ठरवायची गरज नाही. माजी सैनिकांची सेवा करायला वर्दीच लागते असंही नाही. ईसीएचएसशी जोडलेल्या खासगी हॉस्पिटलांत हेच पेशंट येतात.

एमएनएसचा फॉर्म मात्र तिच्या वतीने तुम्ही भरू नका. आधी दोन-तीन महिने तिला सलग झोप मिळू दे, यजमानांचे उपचार सुरू होऊ देत. मग तिला एकटीला मला लिहू द्या, आणि तिने काय लिहिलं ते वाचायला मागू नका.