दुबईतल्या आंतरराष्ट्रीय शाळेची ऑफर आहे, नवरा आणि दोन मुलं सोबत येतील. पगाराखेरीज काय पाहावं?

आधी मूळ वेतन किती ते विचारा. यूएईत ग्रॅच्युइटी फक्त मूळ वेतनावर निघते: वर्षभर नोकरी झाली की पहिल्या ५ वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचं, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचं. मूळ वेतन कमी आणि भत्ते भरघोस असतील, तर मेख तिथेच आहे. पगारावर आयकर नाही हे खरं, पण आपल्यासारखा पीएफही नाही.

आरोग्य विम्याचे कागद मात्र सावकाश वाचा. दुबईत कर्मचाऱ्याचा विमा काढणं मालकाला बंधनकारक आहे, कुटुंबाचा नाही. नवरा-मुलांचा व्हिसा तुमच्या नावावर असेल तर त्यांचा विमाही तुमच्याच खिशातून. शाळा तो भरणार असेल तर तसं करारात लिहून घ्या. कुठली हॉस्पिटलं यादीत आहेत, आधीपासूनचा मधुमेह-बीपी धरतात का, प्रत्येक वेळी आपला वाटा किती, हेही विचारा. एचआर तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ म्हणतं, त्यावर जाऊ नका.

घरभाडं तिथे बहुधा मोजक्या चेकमध्ये आगाऊ द्यावं लागतं, त्यामुळे शाळेने घर दिलं तर उत्तमच.

आणि दोन्ही मुलांची फी माफ आहे का? तिथल्या फीचे आकडे बघता मी पगारवाढीऐवजी ही फीमाफीच मागेन.