हिब्रू भाषा मुळात कुठून आली? आणि ती दोन हजार वर्षं मेलेली होती, मग एकोणिसाव्या शतकातल्या बेन येहुदा या ज्यू अभ्यासकानं जिवंत केली, हे खरं आहे का?

उगमाचं आधी सांगून टाकते. हिब्रू ही कनान देशातली (आजचं इस्राएल-पॅलेस्टाईन आणि आसपास) एक बोली. फिनिशियन, मवाबी, अम्मोनी, अदोमी या तिच्या सख्ख्या बहिणी; अरामी चुलत, अरबी आणि अक्कादी जरा लांबच्या. संस्कृतशी तिचं काहीही नातं नाही. दोन-चार शब्द सारखे ऐकू येतात म्हणून ज्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्या सरळ पुसून टाका.

इसवी सनापूर्वी 14 व्या शतकात कनानमधले छोटे राजे इजिप्तच्या फॅरोला अक्कादी भाषेत पत्रं लिहायचे आणि मध्येच आपल्या बोलीतला शब्द टाकायचे. ती पत्रं 1887 मध्ये इजिप्तमधल्या अमार्नाला सापडली. हिब्रूच्या आधीची पिढी तिथे दिसते. पुढे डोंगराळ भागातल्या शेतकरी-मेंढपाळांच्या या बोलीला राज्य मिळालं, दरबार मिळाला, लेखनिक मिळाले आणि ती लेखी झाली. शेजारच्या मवाबचा राजा मेशा यानं इसवी सनपूर्व 840 च्या सुमारास इस्राएलावरच्या विजयाचा शिलालेख कोरला, तोसुद्धा हिब्रू येणाऱ्याला बराचसा कळतो. शत्रूंची भाषा इतकी जवळची होती. त्यामुळे आकाशातून उतरलेली भाषा वगैरे मी मानत नाही, आणि मी शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळणाऱ्या ज्यू घरातली आहे.

आता ‘मेलेली’ या शब्दाबद्दल. तो मला झोंबतो, म्हणून हे उत्तर लिहितेय.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे. आमचे पूर्वज गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. माझे आजोबा आयुष्यभर सिनेगॉगमध्ये हझान (प्रार्थना म्हणवून घेणारा) नसताना प्रार्थना चालवायचे. हिब्रू बोलता यायचं नाही, घरात मराठीच. पण तोराचा (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचा) भाग वाचायला उभे राहिले की अडखळणं नाही. आणि गुंडाळीतल्या तोरात स्वरचिन्हं नसतात, नुसती व्यंजनं असतात, हे लक्षात घ्या.

काही वर्षांपूर्वी घरातल्या एका लग्नाला माझा आतेभाऊ इस्राएलहून आला. दादा तिकडेच वाढलेला, शाळा, सैन्य, नोकरी सगळं तिकडे. मलिद्याचं, म्हणजे आमच्या आभाराच्या विधीचं, ताट मांडलं होतं, पोहे-नारळ, फळं, सगळं तयार. आजोबांनी एलियाहू हन्नबीचं (एलिया संदेष्ट्याचं) गाणं म्हटलं, आशीर्वाद म्हटले, ताट फिरलं. आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, “आजोबा, तुम्ही नुसतं पाठांतर म्हणता. ही भाषा दोन हजार वर्षं मेलेली होती. बेन येहुदानं ती उठवली, आता आम्ही ती जगतो.” आजोबा काही बोलले नाहीत. हातातलं ताट त्यांनी आईकडे दिलं आणि जाऊन खुर्चीवर बसले.

मला राहवलं नाही. यरुशलेमच्या बोगद्यातला शिलालेख माझ्या फोनमध्ये होता, आजच्या चौकोनी अक्षरांत उतरवलेला. इसवी सनपूर्व 8 व्या शतकाच्या शेवटी, हिज्कीया राजाच्या काळात, शहरात पाणी आणायला खडकातून सुमारे 533 मीटरचा बोगदा खणला गेला. दोन टोळ्या दोन टोकांकडून खणत आल्या. 1880 मध्ये तिथल्या भिंतीवर सहा ओळी सापडल्या. राजाचं नाव नाही, देवाचं नाव नाही, फक्त काम कसं झालं ते: तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग हत्यारावर हत्यार भिडलं आणि पाणी 1200 हात वाहत गेलं.

दादानं वाचायला घेतलं. बरंचसं भराभर लागलं, आणि यात त्याचं कौतुकच आहे. मग ‘माणसाचा आवाज’ आला तिथे तो थांबला. आज हे दोन्ही शब्द लिहिताना मध्ये एक-एक अक्षर जास्त घालतात. शिलालेखात ती अक्षरं नाहीत. त्यामुळे दादा ‘माणूस’च्या जागी ‘आग’ वाचत होता आणि ‘आवाज’च्या जागी ‘सोपं’. अर्थ लागेना. आजोबांनी खुर्चीवरूनच फोन मागितला, चष्मा लावला, ओळीवरून बोट फिरवलं आणि नीट वाचलं. म्हणाले, “अरे, इसहाक म्हणतो ना, आवाज याकोबाचा आणि हात एसावाचे, तिथे बघ. एकाच ओळीत ‘आवाज’ दोनदा येतो, एकदा ते अक्षर न घालता, एकदा घालून.” बायबलमधल्या उत्पत्तीच्या 27 व्या अध्यायात आहे ते, हवं तर पडताळून बघा. पुढे एका शब्दावर दोघंही अडले, पण त्या शब्दाचा अर्थ अभ्यासकांनाही आजवर नक्की लागलेला नाही.

याला पाठांतर म्हणायचं?

दादाचं उत्तर ठरलेलं होतं: “मी वाचू शकलो तेच मुळी बेन येहुदामुळे.” आमचा तो वाद अजून चालू आहे. माझं म्हणणं असं, की बेन येहुदानं भाषा आणली कुठून? त्याच्या हातात ती होतीच. त्याचा जन्म 1858 चा. त्याच्या आधी, 1853 मध्ये, हिब्रूत कादंबरी छापून झाली होती आणि 1856 पासून प्रशियात हिब्रू साप्ताहिक निघत होतं. मेलेल्या भाषेत साप्ताहिक चालत नाही.

मधल्या काळाचं थोडक्यात. इसवी सनपूर्व 6 व्या शतकात नबुखद्नेस्सरानं यरुशलेम पाडलं, लोक बाबेलला (बॅबिलोनला) नेले. तिथून अरामीचा जोर वाढला; आज सिनेगॉगच्या दारावर दिसणारी चौकोनी अक्षरंही अरामीकडून घेतलेली, जुनी लिपी फिनिशियन वळणाची होती. तरी हिब्रू बोलली जातच होती. इसवी सन 132 ते 135 च्या रोमविरुद्धच्या बंडाचा पुढारी बार कोखबा याची पत्रं गुहेत सापडली, त्यांत अरामी आणि ग्रीकबरोबर हिब्रूही आहे. 200 च्या सुमारास मिश्ना (ज्यू कायद्याचा संग्रह) संकलित झाली ती हिब्रूतच, आणि त्याच सुमारास घरातलं बोलणं थांबत गेलं. थांबलं ते एवढंच. करार, पत्रं, कायदा, कविता चालू राहिली. तिबेरिया शहरातल्या मासोरा पंडितांनी, म्हणजे बायबलचा पाठ जपणाऱ्यांनी, शतकानुशतकं खपून स्वरचिन्हं बसवली, म्हणून आज उच्चार हाताशी आहेत. आमच्या कोकणात बराच काळ ‘शेमा’ ही प्रार्थना आणि थोडे रिवाज एवढंच उरलं होतं, हे खरं आहे. पण 1832 मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्यानं मुंबईत मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं आणि 1846 मध्ये मराठी भाषांतरासह हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) निघाली. हे सगळं बेन येहुदा जन्मायच्या आधीचं.

लाखीश या प्राचीन शहराच्या अवशेषांत 1935 मध्ये खापरांवर लिहिलेली पत्रं सापडली, यरुशलेम पडायच्या थोडं आधीची. एका पत्रात हाताखालचा अधिकारी वरिष्ठाला चिडून लिहितो, की मला वाचता येत नाही असं तुम्ही म्हणता, पण माझ्यासाठी पत्र वाचायला कधीच कुणाला बोलवावं लागलेलं नाही. ते पत्र मी दादाला मुद्दाम पाठवलं.

तुम्हाला शिकायचीच असेल तर अ‍ॅपवरच्या ‘कॉफी कुठे मिळेल’पासून सुरू करू नका. उत्पत्तीतल्या गोष्टी स्वरचिन्हांसकट वाचा, तीन व्यंजनांचे धातू ओळखायला शिका. आणि जुन्या पद्धतीनं वाचणारं कुणी आसपास असेल तर त्यांच्याजवळ बसा. त्यांना बोलता येत नाही म्हणून कमी लेखू नका.

दोन गोष्टी राहिल्या. बेन येहुदाचं काम लहान नाही. 1881 मध्ये यरुशलेमला येऊन त्यानं घरात फक्त हिब्रू बोलायची असं ठरवलं आणि मुलाला त्याच भाषेत वाढवलं. ती हिंमत दुसऱ्या कुणी केली नव्हती. आजच्या बोलीची वाक्यरचना बायबलपेक्षा बरीच वेगळी आहे, हेही दादाचं बरोबर. दुसरं म्हणजे गेझेरची पाटी. 1908 मध्ये सापडलेली, इसवी सनपूर्व 10 व्या शतकातली, पीक गोळा करण्यापासून उन्हाळी फळांपर्यंतच्या महिन्यांची यादी असलेली. ती मी वर घेतली नाही, कारण ती हिब्रू की फिनिशियन यावर जाणकारांचं एकमत नाही. दादा तिला बेधडक सर्वांत जुनी हिब्रू म्हणून सांगतो. तेवढं त्यानं थांबवावं.