घरगुती पाणबुडीचा प्रेशर हल फायबरचा केला तर चालेल का?

तुम्हाला 30 मीटरपर्यंत जाणारी दोघांची पाणबुडी घरी बनवायचीय आणि स्टील जड पडतं, गंजतं म्हणून प्रेशर हल, म्हणजे पाण्याचा दाब झेलणारं बंद कवच, फायबरग्लासचा किंवा कार्बन फायबरचा करायचा विचार आहे. माझं कळकळीचं सांगणं, माणूस बसणार तो भाग फायबरचा करू नका.

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत 20 वर्षं एफआरपीच्या, म्हणजे फायबर आणि प्लास्टिक रेझिनच्या टाक्या बनवतोय, पाणबुडी कधी बनवली नाही, पण एक टाकी डोळ्यासमोरून जात नाही. एका केमिकल प्लांटला दिलेली ॲसिडची उभी टाकी, कितीतरी वर्षं काठोकाठ भरून चालली, एक थेंब गळला नाही. मग रंगकाम करताना कुणीतरी वरच्या व्हेंटला, म्हणजे हवेच्या भोकाला, प्लास्टिक बांधलं ते काढायचं राहिलं आणि खालून ॲसिड उपसायचा पंप चालू केला. मी पोचलो तेव्हा टाकी एका बाजूने आत पिचकलेली, आणि घडी पडली तिथे लॅमिनेटचे, म्हणजे रेझिनने चिकटवलेल्या फायबरचे थर वहीच्या पानांसारखे सुटलेले, बोटाने उचलता येत होते. आता बघा, आत पूर्ण व्हॅक्यूम झाला असता तरी तो 1 ॲटमॉस्फियर, म्हणजे 10 मीटर पाण्याइतकाच, आणि टाकी त्याच्या खूप आधीच गेली.

कारण असं की फायबर म्हणजे धागा, उत्तरायणातल्या मांज्यासारखा ओढला की जोर दाखवतो. रिक्षातल्या सीएनजीच्या फायबरवाल्या बाटलीत दाब आतून असतो, धागे ताणले जातात म्हणून ती 200 बार सहज झेलते. पाणबुडीत दाब बाहेरून, तिथे धाग्याला सरळ धरून ठेवायचं काम रेझिनचं, म्हणजे धागे चिकटवणाऱ्या प्लास्टिकचं, आणि जिथे रोलर नीट फिरला नाही, एअर बबल राहिला तिथे धागा वाकतो, थर सुटायला लागतात आणि वरून जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, चकचकीतच दिसतो. शिवाय साधं मॅटचं (तुटक धाग्यांच्या चटईचं) लॅमिनेट कडकपणात स्टीलच्या वीसेक पट कमी, म्हणून नुसतं पिचकू नये एवढ्यासाठीच जाडी जवळपास तिप्पट लागते, तीही हल अगदी गोल असेल तर. 30 मीटरवर 60 सेंटीमीटरच्या हॅचवर साडेआठ टन बसतात हो!

टायटॅनिकचे अवशेष बघायला जाणाऱ्या टायटन पाणबुडीचा कार्बन फायबरचा सिलिंडर सुमारे 13 सेंटीमीटर जाड होता. जुलै 2022 मध्ये एका डाइव्हला मोठा आवाज झाला, त्यानंतर स्ट्रेनचं, म्हणजे हल किती ताणला-दबला जातो त्याचं, रीडिंग बदललेलं होतं, तरी वापरत राहिले आणि 18 जून 2023 ला पाच माणसं गेली. तपासात लॅमिनेटमध्ये पोकळ्या आणि सुरकुत्या सापडल्या. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण सुरकुती कशी राहते ते मी रोज बघतो.

आणि वजनाचं म्हणाल तर पाणबुडीने 3 घनमीटर पाणी बाजूला सारलं की बुडायला तिचं वजन 3 टन लागणारच, हल हलका केलात तर तेवढं शिसं भराल. त्यापेक्षा ए516 ग्रेड 70 ची बॉयलर प्लेट घ्या, प्रेशर व्हेसलवाल्याकडून रोल करून वेल्डिंगची रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रे तपासणी, करून घ्या. गंजाला इपॉक्सी पेंट आणि स्टीलच्या आधी स्वतः झिजणारे झिंकचे तुकडे पुरतात. फायबर बाहेरच्या आवरणाला वापरा, नाकाला, शेपटीला, बॅलास्ट टँकला (बुडायला पाणी घ्यायची टाकी), जिथे आतबाहेर पाण्याचा दाब सारखाच असतो, तिथे त्याच्यासारखं काही नाही.

तरीही फायबरचाच करायचा असेल तर निदान आधी रिकामा हल वजन बांधून दोरीने 45 मीटरवर सोडा, तासभर ठेवा, परत परत सोडा, आणि दर वेळी वर काढला की नाण्याने ठोकत सगळीकडे आवाज ऐका. एका जागी जरी टणक सोडून भद्द आवाज आला तरी आत बसू नका.