रोगावर प्रोजेक्ट आहे, पण माहिती कुणाची धरायची?

प्रश्न: ताई, मी नववीत आहे, मराठी मीडियम, आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला. सायन्सच्या सरांनी रोगांवर प्रोजेक्ट दिलाय, मी माकडताप घेतला कारण आमच्याकडची माणसं काजूच्या सीझनला गोव्याकडं जातात आणि घरात सारखा हाच विषय. पण मोबाईलवर बघितलं तर एका ठिकाणी रोग फक्त शिमोग्यात, दुसरीकडं गोव्यात पण, आणि व्हॉट्सॅपवर तर माकड चावलं की होतो म्हणून व्हिडिओ फिरायलाय. सर म्हणायलेत विकिपीडिया चालणार नाही. मग खरं कुणाचं धरू?
(विद्यार्थिनी, खानापूर तालुका)

उत्तर: विषय भारी घेतलास बघ. आणि गंमत म्हणजे तुला दिसलेल्या पहिल्या दोन्ही गोष्टी आपापल्या काळात बरोबरच होत्या. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, आसपासची माणसं तापानं पडली, आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे कोरोनात रोज नाव ऐकलं त्या एनआयव्हीनंच, तो विषाणू शोधला. त्यानंतर कितीतरी वर्षं रोग शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांतच सापडायचा. मग तो केरळात वायनाडला दिसला, २०१५ ला गोव्यात सत्तरीत, २०१६ ला सिंधुदुर्गात दोडामार्गला. म्हणजे जुन्या जीकेच्या पुस्तकात 'फक्त कर्नाटकात' असं छापलं असेल तर छापणाऱ्यानं थाप मारली नव्हती, ते पुस्तकच मागं राहिलं. म्हणून कुठलंही पान उघडलंस की आधी साल बघ. साल नसलेलं पान असेल तर वाच खुशाल, पण प्रोजेक्टमध्ये घेऊ नको.

माकड चावण्याचं मात्र साफ चूक. रोग पसरतो गोचिडीनं, त्यातही बारीकशी पिल्लं जास्त चावतात, जी पाचोळ्यात डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. ती साधारण डिसेंबर ते मे मध्ये जास्त असतात, म्हणून रोगाचा सीझनही तोच. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात, त्यामुळं मेलेल्या माकडाजवळ जायचं नाही. आणि माणसापासून माणसाला हा होत नाही. आता व्हिडिओवाल्याला एकच प्रश्न विचार, की बाबा हे तुला कुणी सांगितलं? त्याच्याकडं उत्तर नसतंय. एनआयव्हीच्या पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, उत्तर असतं, रक्ताचे नमुने कुठले, किती, कुठल्या लॅबनं तपासले, सगळं लिहिलेलं असतं. भरवशाचं म्हणजे एवढंच, की माहिती कुणी आणि कशी मिळवली हे मागं मागं जाऊन सापडलं पाहिजे.

उदाहरणच घे. 'दरवर्षी ४०० ते ५०० रुग्ण' हे वाक्य तुला ढीगभर साईटवर दिसेल आणि वाटेल की एवढे जण म्हणतात म्हणजे पक्कं. पण ते बहुतेक एकमेकांचं बघून उतरवलेलं असतं, एकाच विहिरीचं पाणी दहा घागरीत भरलं तर दहा विहिरी होत नाहीत. शिवाय तो ढोबळ अंदाज आहे, एखाद्या वर्षी पेशंट कितीतरी कमी असतात, एखाद्या वर्षी जास्त. त्यामुळं 'मागच्या वर्षी ४५० पेशंट झाले' असं स्वतःच्या मनानं सरासरी काढून लिहू नको (हे मुलं करतातच, म्हणून सांगते). तसंच 'मृत्यूचं प्रमाण ३ ते ५ टक्के' हे रोग झालेल्या शंभर जणांमागं असतं, गावातल्या शंभर जणांमागं नाही. 'रोग झालेल्या' हे शब्द गाळलेस तर सगळ्या गावाची झोप उडेल.

आता आपल्या भागाची खास अडचण. चोर्ला घाट उतरला की सत्तरी, तिथून दोडामार्ग काही लांब नाही, जंगल एकच, पण मोजणारी सरकारं तीन. कर्नाटकाचे आकडे बेंगळूरच्या आरोग्य खात्याकडं, गोव्याचे पणजीत, महाराष्ट्राचे पुण्या-मुंबईत. खानापूरचा माणूस काजूला जाऊन तिकडं आजारी पडला तर तो कुणाच्या यादीत धरला हे रिपोर्टमध्ये बघावं लागतं. तुझ्या प्रोजेक्टात तिन्ही राज्यांचे आकडे वेगवेगळे ठेव, वर साल लिही, बेरीज करायची घाई नको. कर्नाटक आरोग्य खात्याची बरीच पत्रकं कन्नडमध्ये असतात, तर शाळेत शिकलेलं कन्नड इथं कामाला येईल, आपल्या पोरांना हा एक फायदाच आहे म्हणायचा. शोधताना इंग्रजीत जुनं नाव बेलगाम आणि नवं बेळगावी दोन्ही टाक, शिमोग्याचंही तसंच, कारण नावं सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ ला बदलली आणि त्याआधीचे पेपर जुन्या नावानंच सापडतात. रोगाचं इंग्रजी छोटं नाव केएफडी, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज.

विकिपीडियाबद्दल सरांचं बरोबर आहे, पण पूर्ण टाळू नको. लेख वाच, खाली तळटिपा असतात तिथून मूळ पेपर उघड आणि नाव त्या पेपरचं दे. इंग्रजी जड गेलं तर सुरुवातीचा सारांश तेवढा सरांकडून समजून घे, तो बहुतेक वेळा फुकट असतो.

आणि पीएचसीत जाऊन ये की. शाळेचं पत्र घेऊन जा, आशाताईंना किंवा हेल्थ इन्स्पेक्टरना विचार की गोचिडीसाठी काय काळजी सांगता, केएफडीच्या भागात गोचिडी चावू नयेत म्हणून अंगाला लावायला वाटतात ते डेपा तेल इथं येतं का. तारीख, हुद्दा, काय विचारलं ते लिहून ठेव. पेशंटचं नाव कुणी सहज सांगितलं तरी वहीत घ्यायचं नाही.

प्रश्न: मी निपाणीचा, दहावी. तंबाखूनं होणारे रोग हा विषय घेतलाय. आमच्या इथं अर्धं गाव तंबाखूवर जगतंय, आई विड्या वळते. ओळखीचे एक व्यापारी काका म्हणाले सिगरेट वाईट, विडी पानाची असते तिनं काही होत नाही, त्यांनी मला तसा एक कागद पण दिला. तो वापरू का? आणि एआयला विचारून सोर्स घेतले तर चालतील का?

उत्तर: कागद वापर, पण पुरावा म्हणून नाही, 'असंही सांगितलं जातं' म्हणून. तो कुणी छापला, पैसे कुणी दिले, हे आधी बघायचं. यात काकांचा अपमान काही नाही. ही जुनी गोष्ट आहे. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला, आणि जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या सिगरेट कंपन्यांनी शेकडो वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन सांगितलं की तसं काही सिद्ध झालेलं नाही, आम्ही स्वतः संशोधनाला पैसे देतो. पुढं कितीतरी वर्षं लोक गोंधळातच राहिले. विडीचं म्हणशील तर तिच्या धुरात नेहमीच्या सिगरेटीपेक्षा टार, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साईड जास्त सापडलंय, पानाची असून काही फरक पडत नाही.

आकडे हवेत तर गॅट्स-२ हा सर्व्हे बघ, २०१६-१७ चा, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसनं केलेला. त्यात देशात १५ वर्षांवरचे २८.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं आलंय. कर्नाटकाचा वेगळा तक्ता आहे. निपाणीचा नाही, त्यामुळं 'निपाणीत २८.६ टक्के' असं लिहायचं नाही.

एआय समजावून सांगायला चांगलं, सोर्स द्यायला बेभरवशाचं. पेपरचं नाव, लेखक, साल सगळं खऱ्यासारखं लिहून देतं आणि शोधायला गेलं तर तसा पेपरच नसतो. दिलेलं प्रत्येक नाव स्वतः उघडून बघ, उघडलं नाही तर काट मार. आणि आईला विड्या वळताना खोकला, डोळ्यांची आग असं काही होतं का तेही विचार, फक्त ते एका माणसाचं सांगणं आहे असं स्पष्ट लिही.

प्रश्न: बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत वासरांपासून देवीची लस करायचे असं आजोबा सांगतात. हे प्रोजेक्टात चालेल?

उत्तर: चालेल की! देवीची लस वासराच्या कातडीवरच वाढवायचे आणि तिथल्या व्हॅक्सिन डेपो मैदानाचं नाव त्या लस संस्थेवरूनच पडलंय. आजोबांचं वय, ते तिथं कधी जायचे, स्वतः काय बघितलं आणि काय ऐकलं हे वेगवेगळं लिहून घे. दंडावरचा टोचल्याचा वण दाखवतील तर फोटो काढ, आधी विचारून. सालं मात्र छापील कागदावरून घे, म्हणजे देवीचा रोग जगातून गेल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत ८ मे १९८० ला झाली, असं. आजोबा आणि कागद जुळले नाहीत तर दोन्ही लिही, खोडू नको.