अमेरिकेतल्या कॉलेजात खेळांमध्ये मुलींना कायद्याने बरोबरी आहे, मग तक्रारी का संपत नाहीत? (भाचीला रोइंगच्या संघातून बोलावणं आलंय)

कारण बरोबरी डोकी मोजून ठरवतात, आणि डोकी वाढवणं सोपं असतं. मोजलेल्या डोक्यांत एक माझंही होतं.

तिथे शिकायला गेले तेव्हा मी वल्हं कधी हातातही धरलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात रोइंगच्या कोचने गाठलं, "उंच आहेस, येतेस का?" मी हुरळले. वर्षभर पहाटे पाचला सराव, तळहातांना घट्टे. संघाच्या यादीत नाव, फोटोत मी, पण शर्यतीच्या बोटीत एकदाही नाही! अशा आम्ही दहा-बारा जणी. शेवटी एका सीनियरने उलगडा केला: पुरुषांच्या फुटबॉल संघात (त्यांचा फुटबॉल, हेल्मेटवाला) शंभरावर खेळाडू असतात. तेवढ्या मुली कुठूनतरी दाखवायच्या, तर रोइंगची यादी लांबवणं सगळ्यात स्वस्त.

तो १९७२ चा कायदा, टायटल नाइन. त्यात खेळाचा उल्लेखही नाही. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगभेद करू नये, एवढंच. खेळांसाठीची कसोटी १९७९ मध्ये आली. ती पार करायच्या तीन वाटांपैकी एक म्हणजे विद्यार्थ्यांत मुलींचं जे प्रमाण, साधारण तेच खेळाडूंत. पळवाट इथेच सापडते.

म्हणून कायदा फुकट गेला असं मी म्हणणार नाही. पूर्वी कॉलेजांच्या संघांत तीस हजारही मुली नव्हत्या, आज दोन लाखांवर आहेत. पण हेही भांडूनच मिळालं. १९७६ मध्ये येल विद्यापीठाच्या रोइंग संघातल्या मुली सरावानंतर ओल्या कपड्यांत कुडकुडत बसमध्ये थांबायच्या, कारण बोटहाऊसवर अंघोळीची सोय फक्त मुलांना. एकोणीस जणी अधिकारी बाईंच्या ऑफिसात गेल्या आणि कपडे उतरवले. अंगावर शाईने लिहिलं होतं 'टायटल नाइन'. २०२१ च्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत मुलांना अख्खी जिम आणि मुलींना डंबेल्सचा एक स्टँड! एका खेळाडूने व्हिडिओ टाकला, तेव्हा कुठे आयोजकांची धावपळ.

हो, आणि कोच. १९७२ मध्ये मुलींच्या दहातल्या नऊ संघांना बाईच शिकवायची. पगार वाढले तसे पुरुष आले, आता निम्म्याहून कमी संघांत बाई आहे. याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

भाचीला म्हणावं, स्कॉलरशिपबरोबर एवढंही विचार: यादीत किती जणी, आणि गेल्या मोसमात प्रत्यक्ष शर्यतीत उतरल्या किती?